ज्ञानकोशकार केतकर : कपाटातून महाजालावर

प्रतिनिधी, वाळूज

महाजालावर मराठीत वाचण्यासारखे काय आहे, हा प्रश्न घरोघरी संगणक आले तेव्हापासून विचारला जात आहे. बातम्या, पाककृती, भविष्य आणि गाणी यांच्या पलीकडे जाऊन एखादा विषय मुळापासून समजून घ्यायचा म्हटला, की बहुतेकांची बोटे आपोआप इंग्रजीकडे वळतात. या प्रश्नाला मिळालेले एक भरभक्कम उत्तर मात्र संगणकाच्या कितीतरी आधी, छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवले गेले होते. ते उत्तर म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश'. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या पुढाकाराने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या कोशाचे संकेतस्थळ तयार झाले आणि ग्रंथालयांच्या कपाटांत बंद असलेला हा ठेवा युनिकोड मराठीत सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला.

वाळूजसारख्या परिसराला या घटनेचे मोल अधिक आहे. १९८० च्या दशकात येथे औद्योगिक वसाहत आकाराला आली, १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पाहता पाहता आसपासची खेडी कामगारांच्या वस्त्यांनी गजबजून गेली. तेवीस जाडजूड खंड ठेवू शकेल असे ग्रंथालय अशा प्रत्येक वस्तीत असणे शक्य नाही. पण पाळी संपवून खोलीवर परतणाऱ्या तरुणाच्या खिशात मोबाईल असतोच. त्या लहानशा पडद्यावर तेवीस खंड उतरावेत, ही कल्पना केतकरांना नक्कीच आवडली असती. कारण ज्ञान हीसुद्धा भांडवल, श्रमविभागणी आणि वितरण यांच्या बळावर उभी करण्याची वस्तू आहे, असे मानून चालणारा हा माणूस होता. मराठीत ज्ञानाचा पहिला मोठा कारखाना त्यांनी काढला. तो चालवताना ते स्वतः मात्र झिजून गेले.

रायपूर ते कॉर्नेल

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. आज छत्तीसगडची राजधानी असलेले हे शहर त्या काळी मध्य प्रांतात होते आणि नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची तेथे वस्ती होती. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीला आणि पुढचे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. मराठी मुलखाच्या पूर्व टोकाला जन्मलेल्या, वऱ्हाडात वाढलेल्या आणि मुंबईत शिकलेल्या या तरुणाला महाराष्ट्र म्हणजे केवळ पुणे नव्हे, याचे भान लहानपणापासूनच आले असावे. पुढे त्यांच्या लेखनात आणि कामाच्या आखणीत हे भान सतत दिसून येते.

त्या काळात उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणारा हिंदुस्थानी तरुण सहसा इंग्लंडची वाट धरी. बॅरिस्टर व्हावे किंवा आयसीएसची परीक्षा द्यावी, हे दोन राजमार्ग ठरलेले होते. केतकरांनी १९०६ साली अमेरिका गाठली आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र ही शास्त्रे त्या वेळी अमेरिकी विद्यापीठांत नव्या जोमाने उभी राहत होती. माणसांच्या समूहाचाही शास्त्रीय पद्धतीने अभ्यास करता येतो, त्याची वर्गवारी करता येते, कार्यकारणभाव मांडता येतो, हा संस्कार त्यांच्यावर तेथे झाला.

या नव्या हत्याराने त्यांनी तपासायला घेतली ती आपल्याच घरातली सर्वांत जुनी गाठ, म्हणजे जातिव्यवस्था. 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला भाग १९०९ साली प्रसिद्ध झाला. मनुस्मृतीकडे त्यांनी धर्माज्ञा म्हणून पाहिले नाही. एका विशिष्ट काळातल्या समाजाचा पुरावा म्हणून तिची छाननी केली. १९११ साली त्यांना पीएच. डी. मिळाली आणि त्याच वर्षी लंडनमध्ये हिंदुत्वावरील त्यांचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या अभ्यासाची दखल किती मोलाच्या माणसाने घेतली, हेही नोंदवण्यासारखे आहे. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिसंस्थेवरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. त्यात त्यांनी जातीच्या ज्या मोजक्या व्याख्या चर्चेसाठी निवडल्या, त्यांत सेनार, नेसफील्ड आणि रिस्ले या युरोपीय अभ्यासकांच्या जोडीला केतकरांची व्याख्या होती. बाबासाहेबांनी तिच्यातील उणीव दाखवली, पण तिचा गुणही मान्य केला. योगायोग असा, की त्याच १९१६ साली केतकर नागपुरात आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कामाची पायाभरणी करीत होते.

कोशाची कल्पना

अमेरिकेतून परतताना केतकर सुमारे वर्षभर लंडनला राहिले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती नेमकी त्याच सुमारास, १९१०-११ मध्ये बाहेर पडली होती. एकोणतीस खंडांचे हे काम म्हणजे इंग्रजी भाषेच्या आत्मविश्वासाचे शिखर होते. जगात जे जे जाणण्यासारखे आहे, ते ते इंग्रजी वाचकाला आपल्या भाषेत, आपल्या दृष्टीने मांडून मिळत होते. हिंदुस्थानाबद्दलची माहितीही त्यात होती, पण ती राज्यकर्त्यांच्या नजरेतून लिहिलेली. आपण जगाकडे आपल्या डोळ्यांनी केव्हा पाहणार, हा प्रश्न परतीच्या वाटेवरील एखाद्या विचारी तरुणाला पडला नसता तरच नवल.

मायदेशी आल्यावर त्यांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. प्रतिष्ठेची नोकरी आणि इंग्रजी ग्रंथकार म्हणून मिळालेली ओळख पाहता त्यांचे पुढचे आयुष्य सुखाचे झाले असते. त्यांनी ते नाकारून मराठी कोशाचा ध्यास घेतला.

मराठीत कोश अगदीच नव्हते असे नाही. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाची दुसरी आवृत्ती १८५७ सालीच निघाली होती. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली भरतखंडाचा प्राचीन कोश आणि १८८१ साली अर्वाचीन कोश सिद्ध केला होता. पण हे प्रयत्न एकतर शब्दांपुरते होते किंवा इतिहास-पुराणांतील व्यक्ती आणि स्थळांपुरते. विज्ञान, अर्थशास्त्र, भूगोल, परकीय देशांचे इतिहास, वनस्पती, व्यापार, धर्म आणि तत्त्वज्ञान या सर्वांना एका छताखाली आणणारा, ब्रिटानिकाशी खांदा भिडवणारा कोश मराठीत नव्हता. असे काम एका माणसाच्या आवाक्यातले नाही, हे केतकरांच्या तेव्हाच लक्षात आले. म्हणून त्यांनी लेखणी हाती घेण्यापूर्वी एक कंपनी काढली.

ज्ञानाची मर्यादित कंपनी

'महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ लिमिटेड' ही संस्था नागपुरात उभी राहिली. ग्रंथनिर्मिती म्हटली, की राजे-संस्थानिकांचा आश्रय किंवा एखाद्या धनिकाची देणगी, अशी आपल्याकडची रीत. केतकरांनी वेगळा मार्ग धरला. सूतगिरणी किंवा साखर कारखान्यासाठी जसे भागभांडवल उभारतात, तसे त्यांनी ज्ञानकोशासाठी उभारायचे ठरवले. भाग विकायचे, आगाऊ वर्गणीदार नोंदवायचे, त्या पैशांतून कचेरी चालवायची, संपादकांना आणि लेखकांना मोबदला द्यायचा आणि ठरलेल्या क्रमाने खंड वर्गणीदारांच्या हाती ठेवायचे, अशी ती योजना होती. विद्या विकू नये असे मानणाऱ्या समाजात ज्ञानाचे रोखे विकायला निघालेला हा परदेशी पदवीधर अनेकांना विक्षिप्त वाटला. त्यांच्या फटकळ स्वभावाने आणि पोशाखाबाबतच्या बेफिकिरीने या समजुतीला खतपाणीच मिळाले.

भाग आणि वर्गणीदार मिळवण्यासाठी केतकर स्वतः वणवण फिरले. वकील, डॉक्टर, शिक्षक, सावकार, सरकारी नोकर, ज्याच्याकडे चार पैसे आणि चार अक्षरे आहेत, अशा प्रत्येकाच्या दाराशी जाऊन त्यांना एका न छापलेल्या ग्रंथासाठी पैसे मागायचे होते. तेही पहिले महायुद्ध सुरू असताना! कागदाची टंचाई होती, किमती चढत होत्या, लोकांचे लक्ष युद्धाच्या बातम्यांकडे लागलेले होते. अशा दिवसांत मराठी माणसांनी या कल्पनेत पैसे गुंतवले, हे केतकरांच्या चिकाटीइतकेच त्या अनामिक वर्गणीदारांच्या भाषाप्रेमाचेही श्रेय आहे.

पुढे संपादनाचे काम पुण्याला हलले. विविध विषयांचे जाणकार, तरुण पदवीधर, शास्त्री आणि भाषांतरकार यांचा एक संच केतकरांनी जमवला. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे हे त्यांतले पुढे नावारूपाला आलेले सहकारी. विषय वाटून द्यायचे, टिपणे गोळा करायची, नोंदी लिहून घ्यायच्या, तपासायच्या, वर्णक्रमाने लावायच्या आणि छपाईकडे पाठवायच्या, हे चक्र वर्षानुवर्षे अखंड फिरत राहिले. कारखान्यात सुटे भाग वेगवेगळ्या हातांनी तयार होतात आणि जुळणीच्या ओळीवर एकत्र येतात. ज्ञानकोशाच्या कचेरीतील काम जवळपास याच पद्धतीने चालले. फरक एवढाच, की येथे प्रत्येक सुट्या भागासाठी आधी मराठी शब्द घडवावा लागत होता. अनेक शास्त्रीय विषय मराठीत पहिल्यांदाच एवढ्या विस्ताराने मांडले जात होते आणि त्यांची परिभाषा तयार नव्हती.

तेवीस खंडांची मांडणी

१९२० च्या सुमारास पहिला खंड बाहेर पडला आणि ते दशक संपता संपता तेवीस खंडांचे काम पुरे झाले. ब्रिटानिकाच्या पहिल्या आवृत्तीपासून अकराव्या आवृत्तीपर्यंत इंग्रजीला जवळजवळ दीडशे वर्षे मिळाली होती. मराठीने पहिलाच सर्वविषयसंग्राहक कोश सुमारे बारा-तेरा वर्षांत, कल्पनेपासून शेवटच्या पानापर्यंत नेला.

या कोशाची रचना आजच्या संगणकयुगातील वाचकालाही विचार करायला लावणारी आहे. केतकरांनी थेट 'अ'पासून आरंभ केला नाही. सुरुवातीचे पाच खंड त्यांनी प्रस्तावनेसाठी राखून ठेवले. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास, असे त्यांचे विषय. वर्णक्रमाने लावलेल्या नोंदी म्हणजे माहितीचे तुकडे. ते तुकडे जोडणारा नकाशा वाचकाच्या मनात आधी तयार असावा, ही त्यामागची दृष्टी. त्यानंतर सहाव्या खंडापासून एकविसाव्या खंडापर्यंत वर्णानुक्रमी नोंदी येतात. बाविसावा खंड सूचीचा आणि तेविसावा हिंदुस्थानविषयक पुरवणीचा.

यांतील सूचीखंडाकडे विशेष लक्ष द्यायला हवे. एखाद्या विषयाची माहिती केवळ त्याच्या नावाच्या नोंदीत नसते. ती इतर अनेक नोंदींत विखुरलेली असते. ती कोठे कोठे आहे हे सांगणारी सूची नसेल, तर हजारो पाने असूनही वाचक अंधारात चाचपडतो. आज आपण शोधयंत्राच्या चौकटीत एक शब्द टंकतो आणि क्षणात सर्व दुवे समोर येतात. हेच काम केतकरांच्या संचाने हाताने, चिठ्ठ्याचपाट्यांच्या आधारे केले आणि त्यासाठी अख्खा एक खंड खर्ची घातला. माहिती साठवणे आणि माहिती सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पुरते उमगले होते.

एडिथ झाल्या शीलावती

लंडनच्या मुक्कामात केतकरांचा परिचय एडिथ कोहन या ज्यू तरुणीशी झाला होता. जर्मन भाषेवर त्यांचे प्रभुत्व होते. महायुद्ध आले आणि दोघांमध्ये समुद्राबरोबरच युद्धाचेही अंतर पडले. युद्ध संपल्यावर त्या हिंदुस्थानात आल्या आणि १९२० साली त्यांचा केतकरांशी विवाह झाला. व्रात्यस्तोम या प्राचीन विधीने त्यांना हिंदू धर्मात घेण्यात आले आणि त्या शीलावतीबाई झाल्या. जातिसंस्थेवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाने आपल्या शास्त्राभ्यासाचा असा उपयोग स्वतःच्या संसारासाठी केला, यावर त्या काळच्या पुण्यात चर्चा न होती तरच आश्चर्य.

शीलावतीबाईंची ओळख मात्र केवळ केतकरांच्या पत्नी एवढीच नाही. विंटरनिट्स या विद्वानाने जर्मनमध्ये लिहिलेल्या भारतीय साहित्याच्या इतिहासाचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. कलकत्ता विद्यापीठाने १९२७ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला. जगभरच्या संस्कृत अभ्यासकांनी हे भाषांतर पिढ्यान्पिढ्या वापरले. पुढे त्यांनी मराठीत आत्मकथनही लिहिले. ज्ञानकोशाच्या धकाधकीत घर कसे चालले, एका परक्या स्त्रीने नवा देश, नवी भाषा आणि सततची पैशांची ओढाताण कशी पेलली, हे समजून घेण्यासाठी त्या पुस्तकाकडे वळावे लागते.

उणिवांसह मोठे काम

ज्ञानकोशावर टीकाही झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. प्रस्तावनाखंडांत संपादकाची स्वतःची मते फार डोकावतात. वस्तुनिष्ठ माहिती कोठे संपते आणि केतकरांचा सिद्धांत कोठे सुरू होतो, हे वाचकाला सावधपणे पाहावे लागते. नोंदींचे आकार कमी-अधिक आहेत. काही विषयांना भरपूर जागा मिळाली, तर काहींची बोळवण चार ओळींत झाली. वर्गणीदारांना दिलेला शब्द पाळायचा, तर खंड वेळेवर निघणे भाग होते आणि घाईच्या खुणा छापील पानांवर उमटल्याशिवाय राहिल्या नाहीत. केतकरांची भाषाही रोखठोक. तिच्यात लालित्य शोधू नये.

पण या उणिवांचे मूळ पाहिले, तर तेच या कामाच्या मोठेपणाचेही माप ठरते. पाठीशी सरकार नाही, विद्यापीठ नाही, तयार परिभाषा नाही आणि तिजोरीत पुढच्या खंडाचा कागद विकत घेण्याइतके पैसे असतील की नाही याची शाश्वती नाही. अशा स्थितीत निर्दोष कोशाची वाट पाहत बसणे म्हणजे कोश कधीच न होणे. केतकरांनी पुरे होणारे काम निवडले. मराठीत कितीतरी मोठे संकल्प पहिल्या भागावरच थांबले आहेत. ज्ञानकोश शेवटच्या खंडापर्यंत पोहोचला, हीच त्याची सर्वांत मोठी कमाई होय.

हैदराबादचे अध्यक्षपद आणि पैठणचा इतिहास

मराठवाड्याशी केतकरांचे नाते दोन धाग्यांनी जोडलेले आहे. पहिला धागा साहित्य संमेलनाचा. १९३१ साली हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्याच्या जवळचे वाळूज हा सारा मुलूख त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचा कारभार उर्दूतून चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. अशा राज्याच्या राजधानीत मराठीचे संमेलन भरावे आणि मराठीत सर्व ज्ञान आणण्यासाठी आयुष्य वेचणारा माणूस त्याच्या अध्यक्षस्थानी असावा, याचा अर्थ मराठवाड्यातील मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसरा धागा इतिहासाचा. केतकरांचा 'प्राचीन महाराष्ट्र' या मालेतील शातवाहन पर्वावरील ग्रंथ १९३५ साली प्रसिद्ध झाला. शातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आपले पैठण. महाराष्ट्राचा इतिहास शिवकाळापासून किंवा फार तर यादवांपासून सुरू करण्याची सवय असलेल्या वाचकाला त्यांनी गोदावरीच्या काठावर, दोन हजार वर्षे मागे नेले. महाराष्ट्र ही कल्पना पुण्याच्या आधी पैठणला रुजली, याची ही आठवण होती.

कादंबऱ्या आणि अखेरचे दिवस

कोशाच्या धबडग्यात असतानाच केतकरांनी कादंबरीलेखनही सुरू केले होते. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'गावसासू', 'आशावादी', 'विचक्षणा' अशा त्यांच्या कादंबऱ्यांत १९३० साली आलेल्या 'ब्राह्मणकन्या'चा उल्लेख आजही आवर्जून होतो. आजोळच्या वारशामुळे पांढरपेशा समाजाने दूर ठेवलेली कालिंदी ही तिची नायिका. जातीची उतरंड, स्त्रीचे स्थान, मुंबईतील कामगार चळवळ हे विषय तिच्यात येतात. कथेची वीण सैल असल्याची तक्रार समीक्षकांनी केली. मात्र प्रबंधात जे प्रश्न त्यांनी शास्त्रज्ञाच्या अलिप्तपणे मांडले, त्यांचीच माणसांच्या जगण्यातली बाजू या कादंबऱ्यांत आली. परदेशांत विखुरलेल्या मराठी माणसांचे जगही त्यांनीच मराठी कादंबरीत आणले. पुढे दुर्गा भागवतांसारख्या चोखंदळ लेखिकेने या कादंबऱ्यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिले.

ज्ञानकोश पुरा झाला, पण त्यामुळे केतकरांची चणचण संपली नाही. ज्ञानाच्या व्यापारात मिळालेला नफा लोकांच्या पदरात पडला आणि तोट्याचा मोठा वाटा संपादकाच्या. नवनवे संकल्प त्यांच्या डोक्यात घोळतच होते, पण शरीर साथ देईनासे झाले. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते. त्यात जखम चिघळली आणि १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे ५३ वर्षांचे होते.

कोशातून निघालेले कोश

कारखाना बंद पडला तरी त्यात तयार झालेले कारागीर नाहीसे होत नाहीत. ज्ञानकोशाच्या कचेरीत हात बसलेल्या दाते आणि कर्वे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुढे 'महाराष्ट्र शब्दकोश' सिद्ध केला. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग निघाले आणि १९५० साली पुरवणी आली. मराठी शब्दांचा अर्थ मराठीतच सांगणारा एवढा विस्तृत शब्दकोश आधी झाला नव्हता. स्वातंत्र्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. केतकरांना जे साहाय्य मिळाले नाही, ते शासनाचे पाठबळ या प्रकल्पाला लाभले.

या सर्व कोशांची दुसरी पिढी महाजालावर जन्माला आली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या प्रकल्पाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश संगणकावर शोधता येईल अशा रूपात आणला. विश्वकोशही महाजालावर आला. १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया सुरू झाला, ज्यात नोंद लिहिण्याचे आमंत्रण प्रत्येक वाचकालाच आहे. भाग विकत घेऊन कोशाला हातभार लावणारा वर्गणीदार आता वेळ आणि श्रम देऊन हातभार लावू शकतो.

केतकरांचा कोश महाजालावर आणताना केवळ पानांची छायाचित्रे टाकून काम भागवले गेले नाही, ही मोलाची गोष्ट. छायाचित्रातील शब्द शोधयंत्राला सापडत नाही. युनिकोडमध्ये टंकलेला शब्द सापडतो. म्हणजे बाविसाव्या खंडात हाताने केलेल्या कामाची पुढची पायरी येथे गाठली गेली. वाचकाने मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, कोशातील शुद्धलेखन जुन्या वळणाचे आहे. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचे नियम १९६२ साली आले. त्यामुळे आज आपण 'गाव' आणि 'काही' लिहितो, तेथे कोशात 'गांव' आणि 'कांहीं' असते. शोध घेताना शब्दाची दोन्ही रूपे टंकून पाहिली, तर निराशा टळते. दुसरी गोष्ट काळाची. यातील लोकसंख्या, सीमा, राज्यव्यवस्था आणि विज्ञान हे सारे १९२० च्या दशकातले आहे. तेथे आपला जिल्हा निजामाच्या राज्यात आहे आणि हिंदुस्थान पारतंत्र्यात. ताजी माहिती हवी असेल, तर अन्यत्र जावे. पण शंभर वर्षांपूर्वी मराठी माणूस जगाकडे कसा पाहत होता हे जाणायचे असेल, तर याहून चांगली खिडकी दुसरी नाही.

शिल्लक राहिलेला प्रश्न

महाजालामुळे ज्ञान फुकट झाले, असे आपण सहज म्हणून जातो. केतकरांचे चरित्र वाचल्यावर हे विधान करताना जीभ अडखळते. पडद्यावर फुकट दिसणाऱ्या प्रत्येक नोंदीची किंमत कोणीतरी आधीच चुकती केलेली असते. येथे ती एका माणसाने कलकत्त्याच्या अध्यापकीवर पाणी सोडून, दारोदार फिरून, संसाराची ओढाताण सोसून आणि हाती लागलेली बारा-तेरा उमेदीची वर्षे एका कामाला वाहून चुकती केली. त्याच्याबरोबर ती त्या संपादकांनी चुकती केली, ज्यांची नावे आज थोड्यांनाच ठाऊक आहेत, आणि त्या वर्गणीदारांनी, ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

मराठीत महाजालावर काय आहे, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. ते तेथे कोण ठेवणार, त्यासाठी किती वर्षे देणार आणि त्याला पैसे कोण पुरवणार, हे खरे प्रश्न. केतकरांनी १९१६ साली नागपुरात कंपनी नोंदवताना त्यांची उत्तरे दिली होती. वाळूजच्या कारखान्यांतून यंत्रे कशी चालतात, गाड्या कशा जुळतात, औषधे कशी बनतात, याचे ज्ञान रोज हजारो मराठी हातांतून जाते. त्यातले किती मराठी शब्दांत उतरते आणि शोधल्यावर सापडते, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. ज्ञानकोशकारांचे तेवीस खंड महाजालावर आले, यात त्यांचा सन्मान आहेच. चोविसावा खंड लिहायला कोणी तरी बसणे, हा त्याहून मोठा सन्मान ठरेल.